रोबो घेण्याआधी कुणाचं दार वाजवायचं? गोव्यातल्या छोट्या कारखानदारासाठी

आमच्या कुंडईच्या शेडमध्ये एक रोबो हात चार महिने ताडपत्रीखाली झोपून होता. विक्रेत्याच्या व्हिडिओत तो फुलं वेचावीत तसे नग उचलायचा. आमच्याकडे आल्यावर तेलकट फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा नग) त्याच्या बोटांतून सटकायचं आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी लाल बटण दाबायचं. हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाले होते.

तो हात आज चालतो. तो चालता करायला ज्यांची मदत झाली, त्या संस्था आधीपासूनच होत्या आणि बऱ्याचशा तासाभराच्या अंतरावर होत्या. कुणाकडे काय मागायचं, एवढंच मला माहीत नव्हतं. व्यापारी संघटनेला तांत्रिक प्रश्न विचारत होतो, प्राध्यापकाला किंमत विचारत होतो आणि विक्रेत्याला ‘मला याची गरज आहे का’ असं विचारत होतो. तो ‘नाही’ कशाला म्हणेल!

म्हणून हा क्रम लिहून ठेवतो. तुमचं युनिट वेर्ण्याला असो, डिचोलीला, मडकईला की पिसुर्लेला, पायऱ्या त्याच राहतील.

१. आधी स्वतःच्या मशीनसमोर घड्याळ घेऊन उभे राहा

कुठल्याही संस्थेचा फोन नंबर शोधण्याआधी हे करा. एक शिफ्ट, एक मशीन, एक वही. मशीन थांबलं की वेळ लिहायची, परत सुरू झालं की वेळ लिहायची आणि शेजारी कारण. हे काम सुपरवायझरवर ढकलू नका. तो तुम्हाला बरं वाटेल असं लिहील.

माझ्या सीएनसी लेथची (संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणाऱ्या मशीनची) वही अशी निघाली: एका नगाला मशीनिंग ९० सेकंद, हाताने नग बदलायला १४ सेकंद. आठ तासांत मशीन १३० मिनिटं उभं. त्यातली नग बदलण्यात गेलेली फक्त ५५. उरलेली ७५ मिनिटं इन्सर्ट (लेथचं कापणारं टोक) बदलणं, मायक्रोमीटर शोधणं, कच्च्या मालाची ट्रॉली येण्याची वाट बघणं, यात गेली होती. रोबो वाचवणार तो त्या ५५ मिनिटांतला काही भाग. ट्रॉली वेळेवर आणण्यासाठी रोबो लागत नाही, दोन जास्तीच्या ट्रॉल्या लागतात.

हा हिशेब मी रोबो घेतल्यानंतर केला. तुम्ही आधी करा.

सोबत या गोष्टी तयार ठेवा:

- नगाचं ड्रॉइंग, वजन आणि कच्च्या मालातला फरक. दहा फोर्जिंग मोजा, सगळी सारखी नसतात.
- मोबाइलवर काढलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ, ऑपरेटर नग कसा बदलतो त्याचा. एडिटिंग नको, गाणं तर नकोच.
- महिन्याला किती नग आणि किती प्रकारचे. लॉट दर दोन दिवसांनी बदलत असेल तर ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.
- मशीनभोवतालच्या जागेचा हाताने काढलेला नकाशा. मापं मिलिमीटरमध्ये.

ही चार पानं हातात असली की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो. ‘आम्हाला ऑटोमेशन करायचंय’ असं म्हणणाऱ्याला सगळीकडे चहा आणि ब्रोशर मिळतं.

२. कागदांची एक फाइल

पुढच्या प्रत्येक दारावर यातला कुठला ना कुठला कागद मागतात, म्हणून एकदाच स्कॅन करून ठेवा: उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, औद्योगिक विकास महामंडळाचं भूखंड वाटपाचं पत्र किंवा लीज डीड, कारखाना परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, तीन वर्षांचे ताळेबंद, वीजबिल.

उद्यम नोंदणी नसेल तर आज करा. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्ण फुकट आहे. हुबेहूब तसाच चेहरा असलेल्या खासगी वेबसाइट दीड-दोन हजार ‘फी’ घेतात. माझ्या मेव्हण्याने भरली. पत्त्याच्या शेवटी सरकारी डोमेन आहे ना, ते बघा.

जुनी नोंदणी असेल तर वर्गवारीही तपासून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघु उद्योगासाठी २५ कोटी आणि १०० कोटी. अनुदानाची टक्केवारी या वर्गावर ठरते.

३. पहिलं दार: संघटना

पणजीत दोन नावं ऐकाल. गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही जुनी संस्था, पोर्तुगीज काळात १९०८ साली सुरू झालेली. व्यापार, पर्यटन, खाण, उद्योग सगळ्यांचं व्यासपीठ. दुसरी गोवा स्टेट इंडस्ट्रीज असोसिएशन, ही मुख्यतः कारखानदारांची. शिवाय बहुतेक मोठ्या वसाहतींची आपापली संघटना असते.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुमच्या कामाला पहिल्यांदा उपयोगी पडते ती वसाहतीची संघटना. कारण तिथे तुम्हाला संस्था नको असते, माणूस हवा असतो: ज्याच्या शेडमध्ये रोबो लागला आहे आणि जो खरं बोलेल असा. मासिक बैठकीला जा, चहाच्या वेळी विचारा, ‘तुमच्याकडे जाऊन बघता येईल का?’ मी एका शेजाऱ्याला असं विचारलं. त्यांनी मला शेडच्या मागच्या बाजूला नेलं आणि तीन टाकून दिलेले ग्रिपर, म्हणजे रोबोचे पकडणारे पंजे, दाखवले. ‘हे बघ बाब, शिकायला एवढा खर्च आला.’ कुठल्याही सेमिनारपेक्षा तो अर्धा तास मोलाचा ठरला.

पणजीच्या संघटनांकडे जायचं ते तीन कामांसाठी: सरकारी योजनांची माहितीसत्रं, मोठ्या कंपन्यांशी गाठ आणि एकट्याने करून न होणारं गाऱ्हाणं, म्हणजे वीज, रस्ता, भूखंड. तुमचा ग्रिपर का सटकतो हे त्यांना विचारू नका. त्यांचं ते काम नाही.

सापळा: नावात ‘ऑल इंडिया’, ‘नॅशनल’, ‘कौन्सिल’ असलं म्हणून संस्था सरकारी होत नाही. त्यातल्या काही चांगलं काम करतात. पण ‘आपली निवड पुरस्कारासाठी झाली आहे, सहभाग शुल्क अमुक’ असा मेल आला तर आधी बघा, ही संस्था मंत्रालयाची, ट्रस्ट, सोसायटी की खासगी कंपनी. माझ्या ऑफिसात अशी एक ट्रॉफी आहे. तिचे पैसे किती मोजले, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

४. मडगावचं एमएसएमई कार्यालय

केंद्र सरकारच्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचं विकास व सुविधा कार्यालय मडगावात आहे. राज्याचं उद्योग संचालनालय पणजीला उद्योग भवनात. दोन्ही वेगळी. एकाची योजना दुसऱ्याच्या खिडकीवर विचारून मी एक पूर्ण दिवस घालवला आहे.

मडगावात दोन गोष्टी विचारा. एक, लीन योजना, म्हणजे कामात वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची. २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या या योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. वहीतली ती ७५ मिनिटं कमी करायला हीच योजना कामाची, आणि ती रोबोच्या आधी करायची. दुसरी झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट: मालात दोष नको, पर्यावरणाला त्रास नको) प्रमाणपत्राची योजना. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पातळ्या, शुल्क अनुक्रमे १० हजार, ४० हजार आणि ९० हजार रुपये. त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत. ब्राँझला फार कष्ट नाहीत, पण त्या निमित्ताने शेड आवरलं जातं आणि पसाऱ्यात रोबो चालत नाही.

अनुदानाच्या बाबतीत एक सवय लावून घ्या: ऑर्डर देण्याआधी योजनेचा मूळ आदेश वाचायचा. बऱ्याच योजनांत खरेदीनंतर केलेला अर्ज चालत नाही. ‘आधी मशीन घ्या, सबसिडीचं मी बघतो’ म्हणणारा उंटावरचा शहाणा प्रत्येक वसाहतीत एक असतो.

५. गोव्यातली कॉलेजं

इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला.

आधी कोण कुठे आहे ते. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुडीला, १९६७ पासून. आयआयटी गोवा २०१६ मध्ये सुरू झाली तीही त्याच आवारात. एनआयटी गोवा आता कुंकळ्ळीला आहे. २०१० पासून बरीच वर्षं ती फर्मागुडीला होती, त्यामुळे लोक अजून तिकडेच पत्ता विचारत येतात. बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस झुआरीनगरला, २००४ पासून. वेर्ण्यात पाद्रे कोंसेसांव, फातोर्ड्यात डॉन बॉस्को. शाळकरी मुलांसाठीही गोवा सरकारची कोडिंग-रोबॉटिक्सची योजना आहे. तिचा तुमच्या कारखान्याला उपयोग व्हायला दहा वर्षं लागतील, पण मुलं घरी येऊन तुम्हाला प्रश्न विचारू लागतील ते आत्ताच.

आता कसं जायचं. विभागप्रमुखांना पत्र, सोबत पायरी १ ची चार पानं आणि एकच प्रश्न. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘आमच्या उद्योगात रोबॉटिक्स वापरण्याबाबत सहकार्य हवे.’ उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, ‘१.२ किलोचं तेलकट फोर्जिंग, बाहेरचा व्यास नगागणिक दीड मिलिमीटरने बदलतो, दोन बोटांच्या ग्रिपरमधून सटकतं. बोटांचा आकार कसा असावा?’ चौथ्या दिवशी एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी शेडमध्ये हजर.

त्या मुलांनी काय केलं ते सांगतो. रोबोला हातही लावला नाही. पहिला दिवस नुसते बघत बसले. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची बोटं थ्रीडी प्रिंटरवर काढून आणली, आतल्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. सपाट बोटं गोल नगाला दोनच रेषांवर धरतात. खाचेमुळे चार रेषांवर पकड आली आणि व्यास थोडा बदलला तरी नग मध्यावरच राहू लागला. प्लास्टिकची बोटं तीन दिवसांत झिजली. मग तोच आकार आम्ही स्टीलमध्ये आमच्याच मिलिंग मशीनवर काढला. सगळा खर्च एका चांगल्या जेवणावळीइतका.

काही व्यवहाराच्या गोष्टी:

- शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सत्राच्या सुरुवातीला ठरतात. डिसेंबरात गेलात तर मुलं आधीच कुठेतरी बांधली गेलेली असतात.
- बिट्सची मुलं ‘प्रॅक्टिस स्कूल’मधून कंपन्यांत येतात. शेवटच्या टप्प्यातलं ते सत्र साडेपाच महिन्यांचं. छोट्या कामाला एवढा सलग वेळ देणारा इंजिनिअर तुम्हाला पगारावर परवडणार नाही.
- ड्रॉइंग ग्राहकाचं असेल तर त्याची लेखी परवानगी आणि गोपनीयतेचा करार आधी. मुलं प्रकल्पाचा अहवाल लिहितात, फोटो टाकतात. त्यात त्यांची चूक नाही, तुम्ही सांगायला हवं.
- परीक्षा आली की काम थांबतं. ग्राहकाला दिलेली तारीख विद्यार्थ्याच्या प्रकल्पावर कधीच बांधू नका.

तुमची समस्या नसून नवी कल्पना असेल, म्हणजे यंत्र बनवून विकायचं असेल, तर रस्ता वेगळा. वेर्ण्यात सिबा आणि डॉन बॉस्को कॉलेजात फायर ही इन्क्युबेशन केंद्रं, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणारी केंद्रं, आहेत. एमएसएमईच्या इनोव्हेटिव्ह योजनेत मान्यताप्राप्त संस्थेमार्फत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि देशातल्या पेटंटच्या खर्चाचे १ लाखापर्यंत परत मिळतात.

६. बंगळूरची एक फेरी

संस्थांच्या बाबतीत आपलं नशीब असं की महत्त्वाच्या जागा एकाच रस्त्यावर सापडतात. वास्कोहून मडगाव, कुळे, लोंढा करत यशवंतपूरला जाणारी गाडी पकडा. यशवंतपूरजवळच भारतीय विज्ञान संस्था. तिथून तुमकूर रोडला लागलात की सीएमटीआय. त्याच रस्त्यावर पुढे मादावरला बीआयईसी प्रदर्शन केंद्र, आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिथपर्यंत मेट्रो.

सीएमटीआय म्हणजे केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था, १९६२ साली स्थापन झालेली, अवजड उद्योग मंत्रालयाखाली. मोजमाप, चाचणी, प्रशिक्षण आणि यंत्रांची रचना यांतले दर्दी लोक तिथे आहेत. कारखान्यांत स्मार्ट यंत्रं आणण्यासाठीच्या मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ कार्यक्रमातल्या चार केंद्रांपैकी एक इथे, दुसरं विज्ञान संस्थेत, तिसरं पुण्यात सीफोरआयफोर लॅब आणि चौथं आयआयटी दिल्लीशी जोडलेलं. छोट्या कारखानदाराला या केंद्रांचा खरा उपयोग असा: तिथे यंत्रं विकायला नाहीत, बघायला ठेवलेली आहेत. सेन्सर लावलेलं जुनं मशीन पडद्यावर काय दाखवतं हे तिथे पाहिल्यावर मी आमच्या दोन लेथना रोबोऐवजी नुसते सेन्सर लावले.

विज्ञान संस्थेशी संलग्न आर्टपार्क हे रोबॉटिक्सचं केंद्र आणि आयआयटी दिल्लीचं कोबॉटिक्सचं, म्हणजे माणसासोबत काम करणाऱ्या रोबोंचं केंद्र ही नावंही कानावर येतील. कामं जबरदस्त आहेत. पण लेथवर नग चढवण्यासाठी तिकडे जाणं म्हणजे डास मारायला तोफ.

प्रदर्शनांचं गणित वेगळं. इंडियन मशीन टूल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही यंत्र बनवणाऱ्यांची संघटना, १९४६ सालची. सदस्यत्वाच्या फंदात पडू नका, आपण यंत्र वापरणारे. तिचे कोर्स आणि इमटेक्स प्रदर्शन मात्र आपल्यासाठीच आहेत. इमटेक्स जानेवारीत बीआयईसीला भरतं: विषम वर्षी धातू कापण्याच्या यंत्रांचं, सम वर्षी फॉर्मिंगचं, म्हणजे धातू दाबून-वाकवून आकार देणाऱ्या यंत्रांचं. तारीख न बघता गेलात तर लेथवाला माणूस प्रेस मशीनच्या जत्रेत फिरत बसतो.

जाताना खिशात आपला खरा नग न्या. स्टॉलवरचा रोबो चकचकीत ठोकळे उचलत असतो. आपलं तेलकट फोर्जिंग पुढे करा आणि म्हणा, ‘हे उचला.’ निम्मे स्टॉल तिथेच गळतात.

दोन दिवसांची सवड नसेल तर बेळगावचं सरकारी टूल रूम जवळ आहे. टूलिंग आणि फिक्स्चरच्या (नग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) कामाला तेही पुरतं.

७. परदेशी संस्था: वाचायला पुरेत

फ्रँकफर्टची इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबॉटिक्स दरवर्षी जगभरातल्या औद्योगिक रोबोंचे आकडे देते आणि त्याचा सारांश फुकट वाचता येतो. २०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ४१ हजार रोबो नव्याने बसले. भारतात ८,५१०, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त. विक्रेते हा ५९ टक्क्यांचा आकडा घाबरवायला वापरतात, ‘सगळे घेतायत, तुम्ही मागे राहाल.’ देशभरातल्या कारखान्यांच्या मानाने ८,५१० म्हणजे किती, हे तुम्हीच बघा.

वाचायलाच हवं ते सुरक्षेचं मानक, आयएसओ १०२१८. पहिला भाग रोबो बनवणाऱ्यासाठी, दुसरा तो बसवणाऱ्यासाठी. २०२५ मध्ये ते सुधारलं आणि माणसाशेजारी चालणाऱ्या रोबोंचं वेगळं असलेलं १५०६६ क्रमांकाचं तांत्रिक विनिर्देशन त्यात सामावलं. त्यातला मुद्दा साधा आहे: कोबो (असा माणसाशेजारी चालणारा रोबो) हा सुरक्षित म्हणून विकत मिळत नाही, त्याचं काम सुरक्षित आहे की नाही ते तपासावं लागतं. मऊ हाताच्या बोटांत धारदार पत्रा दिलात की तो सुरक्षित राहत नाही. कोटेशनमध्ये धोक्याच्या मूल्यमापनाची लेखी ओळ मागा. नसेल तर का नाही, विचारा. शेडमधली मांडणी बदलणार असाल तर आल्तिन्होला कारखाने व बाष्पक निरीक्षणालयातही विचारून घ्या.

८. ट्रायल

ट्रायल विक्रेत्याच्या जागी असली तरी माल तुमचा हवा. शंभर नग न्या, त्यात दहा मुद्दाम वाईट निवडा: बर (कडेला धातूची धारदार कोर) राहिलेला, जास्त तेलकट, वाकडा. शंभर सलग व्हायला हवेत. ‘हा एक वगळून’ असं म्हणू देऊ नका.

किंमत विचारताना फक्त हाताची विचारू नका. ग्रिपर, फिक्स्चर, कुंपण, दाराचा सेन्सर, लेथशी जोडणी, प्रोग्रामिंग, एक वर्षाची सेवा, हे सगळं धरलं की आकडा हाताच्या दुप्पट होऊ शकतो. आणि सेवा देणारा माणूस कुठून येणार ते विचारा. पुण्याहून येणार असेल तर तुमचा एक दिवस गेलाच.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे जी पुण्या-चाकणच्या विक्रेत्याला सुचत नाही: पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत इतकं बाष्प असतं की कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि ते नळीतून थेट ग्रिपरच्या व्हॉल्व्हपर्यंत जातं. आमचा दुसरा बंद पडण्याचा काळ त्यामुळेच आला. एअर ड्रायर कोटेशनमध्ये घाला आणि टाकीचं पाणी रोज सोडायचं काम कुणाचं, ते नाव भिंतीवर लिहा. ट्रायल जमल्यास जुलैत घ्या. चतुर्थीच्या आसपास मात्र नको, शेडमध्ये कुणी नसतं आणि असतो त्याचं लक्ष माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-फुलांच्या सजावटीकडे असतं.

प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं हा शेवटचा प्रश्न. मी आधी स्वतः गेलो, प्रमाणपत्र घेऊन आलो आणि दोन महिन्यांत सगळं विसरलो. पुढच्या वेळी लेथवरच्या ऑपरेटरला पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, ‘हा शिकलो तर माझी नोकरी जाईल ना, शेट?’ मी त्याला लेखी दिलं की जाणार नाही. आता रात्रपाळीत रोबो अडला तर तो मला फोन करत नाही, सकाळी नुसतं वहीत लिहून ठेवतो.